सॅड बॉइज : स्टॉकहोमचे तीन मित्र, मायामीतला एक एप्रिल आणि त्यानंतरचा काळ

सांजदिवा

स्वीडिश संगीताचा विषय निघाला की तो साधारणपणे आब्बा, रॉक्सेट आणि मॅक्स मार्टिन यांच्यापाशी सुरू होऊन तिथेच संपतो. मला ज्या मंडळींविषयी लिहायचे आहे ती या पंगतीत बसत नाहीत. त्यांच्या गाण्यांना रेडिओने उचलून धरले नव्हते, सुरुवातीला कोणतीही मोठी कंपनी त्यांच्या मागे नव्हती, आणि त्यांचे पहिले श्रोते स्वीडनमध्ये कमी आणि इतरत्र अधिक होते. तरीही गेल्या दहा-बारा वर्षांत इंग्रजी रॅपमध्ये जो धूसर, उदास आणि यंत्रातून गाळलेला सूर सर्वत्र ऐकू येऊ लागला, त्याच्या उगमाकडे जाताना सॅड बॉइज या रॅप गटाचे नाव टाळता येत नाही.

मूळ त्रिकूट असे होते. गाणारा यंग लीन, म्हणजे योनातान लियांडोर होस्टाड, आणि संगीत रचणारे दोघे, यंग शर्मन म्हणजे आक्सेल तुफ्वेस्सॉन व यंग गुड म्हणजे कार्ल-मिकाएल बेर्लांडेर. योनातानचा जन्म १९९६ चा. बालपणाचा काही काळ बेलारूसमधील मिन्स्क येथे गेला आणि नंतर तो स्टॉकहोमच्या सोडरमाल्म या बेटवजा भागात वाढला. वडील क्रिस्तोफर लियांडोर हे कवी, कादंबरीकार आणि अनुवादक, म्हणजे घर पुस्तकांचे होते. ‘लीन’ हे त्याच्या मधल्या नावातून आले, पण अमेरिकी रॅपमध्ये लीन म्हणजे कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाचे गोड पेय, आणि हा श्लेष त्याला चांगलाच ठाऊक होता. (मराठीत लीन म्हणजे नम्र. सोळाव्या वर्षी तो तसा मुळीच नव्हता.)

२०१३ च्या पूर्वार्धात ‘जिनसेंग स्ट्रिप २००२’ या गाण्याची चित्रफीत यूट्यूबवर पसरली, तेव्हा तो सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. आवाज सपाट आणि कंटाळलेला, चित्रीकरण हौशी, आणि शब्दांत फुशारकी व रडवेपणा यांची अशी सरमिसळ, की हा विनोद आहे की मुलगा मनापासून बोलतो आहे, हे ऐकणाऱ्याला ठरवता येऊ नये. त्याच वर्षी जुलैमध्ये, सतराव्या वाढदिवसाच्या आसपास, ‘अननोन डेथ २००२’ हा मिक्सटेप, म्हणजे अनौपचारिक गीतसंग्रह, त्यांनी फुकट उपलब्ध करून दिला. वर्षअखेरीस ‘क्योटो’ आले आणि थट्टा करणाऱ्यांचा आवाज थोडा खाली गेला, कारण गुडने त्या गाण्यासाठी रचलेले संगीत कोणत्याही निकषावर कच्चे नव्हते. बादलीच्या आकाराच्या टोप्या, आरिझोना आइस्ड टीचे डबे, जपानी अक्षरे, जुने व्हिडिओ गेम अशी त्यांची सगळी चित्रसृष्टी टंबलरवरच्या त्या काळच्या मुलांना आपल्याच खोलीतली वाटली असावी. २०१४ मध्ये अमेरिकेचा दौरा झाला आणि सप्टेंबरमध्ये ‘अननोन मेमरी’ हा पहिला पूर्ण अल्बम आला, ज्यातील एका गाण्यात ट्रॅव्हिस स्कॉटही आहे. शाळेच्या बाकावरून उठून थेट विमानात बसावे, असा तो दीड वर्षांचा काळ होता.

आता अडचणींकडे येतो. त्यांचे अमेरिकेतील काम बॅरन मकाट पाहत असे. ‘हिपोज इन टँक्स’ या लॉस एंजेलिसच्या छोट्या पण प्रयोगशील संगीतसंस्थेचा तो सहसंस्थापक होता. जेम्स फेरारो आणि लॉरेल हेलो यांच्यासारख्या आडवाटेच्या कलावंतांना या संस्थेने हात दिला होता. २०१५ च्या सुरुवातीला पुढचा अल्बम ध्वनिमुद्रित करण्यासाठी ही मुले मायामी बीचवर जाऊन राहिली. घरी सांगणारे कोणी नाही, पैसा हातात, दिवसरात्रीचा हिशेब नाही, आणि लीन, झॅनॅक्स या शामक गोळ्या, कोकेन हे सारे हाताशी. एप्रिलमध्ये योनातानचे मनाचे भान पूर्णपणे सुटले आणि त्याला तेथील रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याच सुमारास मकाट एका मोटार अपघातात मरण पावला. त्याचे वय २७ होते. वडील स्टॉकहोमहून मायामीला गेले आणि मुलाला घेऊन परतले. त्यानंतरचे कित्येक महिने तो आईवडिलांजवळ, शहराच्या गजबजाटापासून दूर राहिला.

या शोकांतिकेला एक अप्रिय पुरवणीही आहे. मायामीत रेकॉर्ड केलेल्या सामग्रीवर हक्क कोणाचा, यावरून पेच निर्माण झाला आणि ‘वॉरलॉर्ड’ या अल्बमचे एक कच्चे रूप, गटाच्या संमतीविना, अधिकृत प्रकाशनाआधीच इंटरनेटवर विक्रीला आले. खरा अल्बम २०१६ च्या फेब्रुवारीत आला. तो ऐकताना मला अजूनही अस्वस्थ वाटते, कारण ज्या खोलीत तो तयार झाला त्या खोलीची हवा त्यात तशीच कोंडलेली आहे.

ही कथा सांगताना बहुतेक जण ‘इंटरनेटने घडवलेला आणि इंटरनेटनेच बिघडवलेला मुलगा’ असे एक सोपे सूत्र वापरतात. माझे मत थोडे वेगळे आहे. इंटरनेटने त्यांना श्रोते दिले, परंतु त्यांना घडवले ते एकाच शहरातील, रोज एकमेकांच्या घरी जाणाऱ्या आठ-दहा मित्रांच्या टोळक्याने. घसरण झाली तीही त्या टोळक्याचे आणि घराचे छत्र मागे राहिले तेव्हा. सावरणेही याच मार्गाने झाले. २०१७ चा ‘स्ट्रेंजर’ हा अल्बम मी या सावरण्याचा पुरावा मानतो. आपली मते वाचायला आवडतील.

---

मंद्रसप्तक

उत्तम लेख. मी हौसेने घरीच संगीतरचना करतो, म्हणून ध्वनीविषयी थोडे लिहितो. सॅड बॉइजच्या शैलीला ‘क्लाउड रॅप’ म्हणतात. तिचा पाया अमेरिकेत लिल बी हा रॅपर आणि त्याच्यासाठी संगीत रचणारा क्लॅम्स कसिनो यांनी घातला. क्लॅम्स कसिनोने इमोजेन हीप या गायिकेचा आवाज ताणून, विरघळवून त्यावर ढोल बसवले, तेव्हा रॅपला प्रथमच धुके चढले. स्टॉकहोमच्या मुलांनी उसन्या आवाजांची ही गरज बरीच कमी केली आणि त्यांच्या जागी स्वतः वाजवलेले सिंथेसायझरचे सूर आणले. म्हणून यांचे संगीत हिप हॉपइतकेच इलेक्ट्रॉनिक संगीताच्या घराण्यातले आहे. खाली आठशेआठ या ताल देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राचा लांबवर घुमणारा खर्ज, वर हाय-हॅट या झांजेची बारीक तडतड, आणि मधल्या मोकळ्या जागेत काचेच्या लोलकासारखे चमकणारे दोन-तीन स्वर, इतकाच संसार असतो. मधली जागा रिकामी ठेवण्याचे धाडस हे शर्मन आणि गुड यांचे खरे कौशल्य आहे.

गाणाऱ्याचा आवाज आपोआप नेमक्या स्वरावर आणणाऱ्या ऑटोट्यून या संगणकीय साधनाविषयी नेहमी म्हटले जाते की ज्याला गाता येत नाही त्याची ती कुबडी आहे. मला त्यापेक्षा हार्मोनियमची उपमा जवळची वाटते. हार्मोनियमवर मींड निघत नाही, कारण पट्टी दाबली की ठरलेला स्वर येतो, दोन स्वरांमधली वाट येत नाही. ऑटोट्यून पूर्ण ताकदीने लावले की गळ्याचे तसेच होते. आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत न जाता पायरी चढल्यासारखा उडी मारतो. रडत असलेला माणूस पायऱ्या मोजत रडतो आहे, असा काहीतरी विचित्र परिणाम त्यातून होतो, आणि या गटाच्या उदासीचा अर्धा भाग मला तरी तेथेच सापडतो.

---

खडूसराव

लेखाची मेहनत दिसते, त्याबद्दल अभिनंदन. परंतु मला मूळ प्रश्न टाळल्यासारखा वाटतो. सोडरमाल्म हा स्टॉकहोमचा आज महागडा, कलावंतांचा आणि कॉफीगृहांचा भाग आहे. तेथल्या कवीच्या घरात वाढलेला मुलगा ह्यूस्टन आणि मेम्फिसच्या कृष्णवर्णीय मुलांची भाषा, त्यांचे नशेचे पेय आणि त्यांच्या दुःखाची ढब उचलतो, त्यावर जपानी अक्षरांची झालर लावतो, आणि जग त्याला नवा सूर म्हणते. ज्यांच्या वस्तीत हे पेय आले त्यांच्यातले डीजे स्क्रू आणि पिंप सी हे हिप हॉप कलावंत त्यापायी जिवाला मुकले. ज्याने ते वेशभूषेसारखे वापरले त्याला घरी न्यायला वडील विमानाने आले. याला नशीब म्हणायचे की वर्ग, हे आपण सांगावे.

---

सांजदिवा

खडूसराव, आपला आक्षेप मी टाळलेला नाही, पण त्याला पुरेशी जागा दिली नाही हे मान्य करतो. तो आक्षेप २०१३ पासूनच घेतला गेला आहे आणि सुरुवातीच्या गाण्यांबाबत तो बऱ्याच अंशी योग्य आहे. ‘अननोन डेथ’मधील कित्येक ओळी उसन्या ऐटीच्या आहेत, त्या आज ऐकताना संकोच वाटतो. वर्गाचा मुद्दाही खरा आहे. वडील येऊ शकले, उपचार मिळाले आणि काही महिने काहीही न करता राहण्याची मुभा मिळाली, हे सगळे प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

माझे म्हणणे इतकेच की नंतरच्या कामाकडे पाहताना सुरुवातीचा पुरावा पुरेसा नाही. ‘स्ट्रेंजर’मध्ये ‘अ‍ॅगनी’ नावाचे गाणे आहे. त्यात ढोल नाहीत, खर्ज नाही, फक्त पियानो आहे आणि एक थकलेला आवाज आहे. ते गाणे कोणाचीही नक्कल नाही. तेथे त्याने अमेरिकी पोशाख उतरवून ठेवला आहे, आणि त्याखाली एक उत्तर युरोपीय, काहीसा परीकथेत रमणारा माणूस दिसतो. वडील अद्भुतकथाही लिहितात, हे येथे आठवते.

---

स्टॉकहोमकर

मी चौदा वर्षे येथे नोकरीनिमित्त राहतो, त्यामुळे थोडी पार्श्वभूमी सांगतो. स्वीडिश हिप हॉपचा मुख्य प्रवाह शहराच्या मध्यभागातला नाही. १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत सरकारने दहा लाख घरे बांधण्याची योजना राबवली, त्यातून शहरांच्या कडेला मोठमोठ्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि पुढे स्थलांतरितांची वस्ती प्रामुख्याने तेथे झाली. बोटशिर्का भागातील ‘द लॅटिन किंग्ज’ या गटाने १९९४ मध्ये ‘उपनगरात स्वागत’ अशा अर्थाच्या नावाचा अल्बम काढला आणि त्या वस्त्यांत प्रत्यक्ष बोलली जाणारी मिश्र स्वीडिश भाषा प्रथमच संगीतात आणली. येथला रॅप तेव्हापासून स्वीडिशमध्ये आणि उपनगरांविषयी बोलत आला आहे. सॅड बॉइज मध्यवर्ती शहरातले, इंग्रजीत गाणारे आणि कोणत्याही वस्तीचे प्रतिनिधित्व न करणारे. म्हणून बराच काळ येथल्या हिप हॉपच्या जाणकारांना हे कोण, कोठले, हेच कळेना. खडूसरावांनी मांडलेला वर्गाचा प्रश्न येथे अमेरिकेपेक्षाही घराजवळचा आहे.

त्या दुसऱ्या प्रवाहाच्या अडचणी वेगळ्याच आहेत, हेही नोंदवतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये एनार या लोकप्रिय रॅपरला स्टॉकहोममध्ये गोळ्या घालून ठार करण्यात आले, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. त्या आठवड्यात माझ्या कार्यालयातल्या उपाहारगृहात दुसरा विषय नव्हता. एकाच शहरातील, जवळपास एकाच पिढीच्या दोन मुलांना प्रसिद्धीने किती निराळ्या वाटांवर नेले, याचा विचार तेव्हा मनात आला होता.

आणखी एक गोष्ट. हे संगीत येथेच का उगवले, याचे एक कारण अगदी कारकुनी आहे. १९९८ मध्ये सरकारने करसवलतीची अशी योजना आणली की नोकरदारांना मालकाकडून भाड्याने घरी संगणक घेता येत असे. लाखो घरांत त्यामुळे संगणक आले, जलद इंटरनेटही इतर देशांच्या आधी आले. पायरेट बे २००३ चे आणि स्पॉटिफाय २००६ चे, दोन्ही स्वीडनचेच, हा योगायोग नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जन्मलेल्या मुलांना संगीत रचण्याचे साधन घरातच मिळाले. त्यात नगरपालिकांच्या संगीतशाळांची भर घाला, जेथे कोणतेही मूल नाममात्र शुल्कात वाद्य शिकू शकते.

---

निशिगंध

मी औषधशास्त्राची विद्यार्थिनी होते आणि आता त्याच क्षेत्रात काम करते, म्हणून ‘लीन’विषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. वर त्याचा उल्लेख एखाद्या फॅशनसारखा झाला आहे. या पेयात कोडीन हे अफूवर्गीय द्रव्य आणि प्रोमेथाझीन हे गुंगी आणणारे द्रव्य, अशी दोन औषधे असतात. ते सोड्यात आणि गोळ्या-चॉकलेटात मिसळले की कडू चव झाकली जाते, आणि किती घेतले याचा अंदाज सुटतो. कोडीन श्वासोच्छ्वास मंदावते. झॅनॅक्स म्हणजे अल्प्राझोलाम, तेही मेंदूची क्रिया मंदावते. दोन्ही एकत्र आले की परिणामांची नुसती बेरीज होत नाही, झोपेतच श्वास थांबण्याचा धोका निर्माण होतो. वर कोकेनसारखे उत्तेजक घेतले तर माणसाला आपण शुद्धीत आहोत असा भास होत राहतो आणि आतला धोका झाकला जातो. अठरा वर्षांच्या मेंदूवर, तोही आधीच झोपेविना असलेल्या, हा मारा झाला असेल तर मायामीत जे घडले ते मला आश्चर्याचे वाटत नाही.

एप्रिल २०१४ मध्ये, म्हणजे त्या घटनेच्या बरोबर एक वर्ष आधी, अ‍ॅक्टाव्हिस या कंपनीने आपले हे औषध बाजारातून काढून घेतले होते, कारण गाण्यांतून त्याचा उदोउदो होत होता. आपल्याकडेही कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधांचे व्यसन जुनेच आहे. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ज्या ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत अशी औषधेही होती, आणि ते प्रकरण पुढे न्यायालयात गेले. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या कोणालाही विचारा, रिकाम्या बाटल्या कोठे सापडतात ते तो सांगेल. त्यांच्याविषयी कोणी धूसर, चमकदार गाणी लिहिली नाहीत, एवढाच फरक.

सांजदिवा, माझा आपल्याला प्रश्न असा आहे की पुढे त्याने या साऱ्याविषयी प्रामाणिकपणे काही सांगितले का, की तेही दंतकथेचा भाग करून विकले?

---

सांजदिवा

निशिगंध, आपल्या प्रतिसादामुळे माझ्या लेखातील एक हलगर्जीपणा दूर झाला, आभार.

आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘दोन्ही’ असे द्यावे लागेल. सुरुवातीला मायामीविषयी तो फारसे बोलत नसे. २०१६ मध्ये ‘द फेडर’ या नियतकालिकाने त्याच्यावर दीर्घ लेख छापला, तेव्हा तपशील प्रथम लोकांसमोर आले. २०२० मध्ये हेन्रिक बुरमान यांनी दिग्दर्शित केलेला माहितीपट आला. त्यात तो स्वतः, त्याचे आईवडील आणि मित्र त्या काळाविषयी बोलतात, आणि त्याच्या मानसिक आजाराचीही उघड चर्चा आहे. मला त्यातील पालकांचे बोलणे सर्वांत लक्षात राहिले, कारण त्यांच्या बोलण्यात मुलाच्या प्रसिद्धीचे कौतुक जवळपास नाही. अर्थात हा माहितीपट त्याच्या कारकिर्दीच्या सोयीचाही होता, हे नाकारता येणार नाही. परंतु त्यात नशेला कोणतेही तेज दिलेले नाही.

---

फिरस्ता

लेख आवडला, पण एक मोठी उणीव राहिली आहे. आपण ‘आठ-दहा मित्रांचे टोळके’ म्हणालात आणि नावे मात्र तिघांचीच दिली. ब्लेड (लिहिताना शेवटी दोन ‘ई’ असले तरी उच्चार ब्लेडच), एको टूके, थायबॉय डिजिटल आणि संगीतकार व्हाइटआर्मर या चौघांशिवाय ही कथा अर्धीच राहते. सुरुवातीला हे चौघे ‘ग्रॅव्हिटी बॉइज’ या नावाने ओळखले जात, पुढे ‘ड्रेन गँग’ झाले. ब्लेड आणि एको टूके शाळकरी मित्र आहेत आणि कोवळ्या वयात त्यांनी ‘क्रोस्साद’ नावाचा एक बँडही केला होता. २०१३ ते २०१६ या काळात त्यांना सॅड बॉइजची शेपटी समजले जाई. आज तरुण श्रोत्यांत, विशेषतः २०२२ चा ‘क्रेस्ट’ आणि २०२४ चा ‘कोल्ड व्हिजन्स’ यांच्यानंतर, उलटे चित्र आहे असे म्हटले तरी चालेल.

अडचणींचा विषय असेल तर थायबॉयची अडचण मला मायामीपेक्षा कमी वाटत नाही. त्याचे खरे नाव थानापात थाओथावोंग. लहानपणीच तो थायलंडहून स्वीडनला आला, तेथेच शिकला, तेथल्याच मित्रांत वाढला. परंतु त्याचा मुक्काम आईच्या व्हिसावर अवलंबून होता. ती मुदत संपली आणि २०१५ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी लीन मायामीहून घरी परतला त्याच वर्षी, थायबॉयला स्वीडन सोडून थायलंडला जावे लागले. एका मित्राला घरी आणता आले आणि दुसऱ्याचे घर त्याच्यापासून काढून घेतले गेले. खडूसरावांचा वर्गाचा प्रश्न मला येथे अधिक टोकदार दिसतो, आणि त्यात पारपत्राचा रंगही मिसळलेला आहे.

---

स्टॉकहोमकर

फिरस्ता यांचे म्हणणे वाचून थांबलो. परवान्याच्या नूतनीकरणाची वाट पाहणे म्हणजे काय, हे येथे नोकरी करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. टपालपेटी उघडताना हात कसा जड होतो, हे मीही अनुभवले आहे. पण आम्ही प्रौढ वयात, परतीचे घर शाबूत ठेवून आलेले लोक आहोत. ज्या मुलाची शाळा, सवंगडी, बोली सगळे येथलेच आहे त्याला ‘आपल्या देशात’ परत पाठवणे ही वेगळीच गोष्ट आहे.

---

मंद्रसप्तक

फिरस्ता, व्हाइटआर्मरचे नाव आणलेत हे बरे झाले. शर्मन आणि गुड यांच्या रचना अजूनही रॅपच्या चौकटीत उभ्या असतात. व्हाइटआर्मर ढोलही पातळ करतो. एको टूकेचा २०१९ चा ‘ई’ हा अल्बम ऐकताना तर मला कित्येकदा प्रश्न पडतो, की याला हिप हॉप कोणत्या आधारावर म्हणायचे. मंत्र पुटपुटावा तसा आवाज आणि खाली थंड, धातूसारखे सूर. लीनच्या २०२० च्या ‘स्टार्झ’ची बहुतेक निर्मितीही व्हाइटआर्मरचीच आहे. म्हणजे ज्याला आपण सॅड बॉइजचा ध्वनी म्हणतो तो मधल्या काळात शेजारच्या घरातून येऊ लागला होता.

---

खडूसराव

‘स्ट्रेंजर’ पूर्ण ऐकला, ‘अ‍ॅगनी’ दोनदा ऐकले. पहिल्या मिक्सटेपविषयीचे माझे मत बदललेले नाही आणि बदलण्याचे कारणही दिसत नाही. या अल्बमवर मात्र नकलेचा आरोप मी ठेवणार नाही. एक शंका आहे. ज्या संस्थेने या सर्वांना सावरले असे म्हणतात, तिच्याविषयी कोणी काहीच लिहिलेले नाही. पैसा कोणाचा होता?

---

सांजदिवा

योग्य प्रश्न. २०१५ मध्ये, मायामीच्याच वर्षी, व्यवस्थापक एमिलिओ फागोने आणि ओस्कार एकमान यांनी स्टॉकहोममध्ये ‘इयर झिरो झिरो झिरो वन’ ही स्वतंत्र संगीतसंस्था सुरू केली. सॅड बॉइज आणि ड्रेन गँग या दोन्ही गटांचे बहुतेक काम अनेक वर्षे तेथून प्रसिद्ध झाले. गाणी, चित्रफिती, कपडे, दौरे हे सारे एकाच छताखाली आणि स्वतःच्याच शहरात आले. ज्या गटाचा माल परक्या शहरातल्या हक्कांच्या भांडणात अडकला होता, त्याच्यासाठी हा बदल केवळ व्यावसायिक नव्हता. माझा मुख्य मुद्दा हाच आहे, आणि पहिल्या लेखात मी तो भावनेच्या भाषेत मांडला, कारभाराच्या भाषेत मांडायला हवा होता.

त्याच काळात लीनने आणखी एक शहाणपण केले. एकाच मुखवट्यावर सगळे ओझे ठेवले नाही. ‘योनातान लियांडोर’ या नावापुढे कधी ९६, कधी १२७ असे आकडे लावून त्याने गिटार आणि पियानोची, रॅप नसलेली गाणी वेगळी काढली. गुडबरोबर ‘डोड मार्क’ या नावाने स्वीडिशमध्ये पंक वळणाचा अल्बम केला. २०१६ मध्ये फ्रँक ओशन या अमेरिकी गायकाच्या ‘ब्लोंड’ या अल्बममधल्या ‘सेल्फ कंट्रोल’मध्ये त्याचा आवाज आहे, हे अनेकांना गाणे शंभरदा ऐकूनही ठाऊक नसते.

---

निशिगंध

म्हणजे ज्या गाण्याने सुरुवात झाली ते आता मागे पडले असेल?

---

फिरस्ता

उलट झाले आहे. ‘जिनसेंग स्ट्रिप’ २०२२ मध्ये टिकटॉकवर प्रचंड पसरले आणि त्या वेळी शाळेत असलेल्या मुलांना ते नवे गाणे वाटले. ते प्रथम आले तेव्हा त्यांच्यातले काही बालवाडीतही गेले नव्हते. लीन तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि जगभर लोक त्याच्या सोळाव्या वर्षाचा आवाज ऐकत होते.

२०२४ मध्ये त्याने ब्लेडबरोबर ‘सायकोस’ हा अल्बम काढला. त्यात गिटारी आहेत, पोस्ट-पंकचा बाज आहे आणि रॅप नावापुरता. त्याच वर्षी चार्ली एक्ससीएक्स या ब्रिटिश गायिकेच्या ‘थ्री सिक्स्टी’च्या नव्या रूपात तो रॉबिन या स्वीडिश पॉपगायिकेच्या जोडीने आहे, म्हणजे स्वीडिश पॉपच्या ज्या पंगतीत हा गट बसत नाही असे सांजदिवा यांनी पहिल्याच परिच्छेदात लिहिले, तिथे त्याचे पान मांडले गेले आहे. मे २०२५ मध्ये आलेल्या अल्बमचे नाव त्याने फक्त ‘योनातान’ ठेवले.

थायबॉय बँकॉकमधून काम करतो. मधल्या वर्षांत या मंडळींनी त्याच्यासह जे अल्बम केले, त्यांपैकी २०१९ चा ‘ट्रॅश आयलंड’ आधी ऐकावा असे मी सुचवेन. ब्लेड, एको टूके आणि तो, तिघे एकत्र आहेत, आणि तो परका पाहुणा असल्यासारखा एका क्षणीही वाटत नाही.